डावी बाजू माझी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दाढेची गाडी आज पुन्हा माझ्या जागेत! दाढ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य. नाव मीच ठेवलं, आणि आता मलाच त्याचा चेहरा आठवत नाही, समोर आला की दाढच दिसते. पुढची दोन चाकं त्याच्या पट्ट्यात, मागची दोन माझ्या. म्हणजे मला लावायची तर तिरकी. बावीस वर्षं लोकांना गाडी लावायला शिकवतोय आणि माझी स्वतःची रोज अख्ख्या बिल्डिंगीसमोर तिरकी उभी. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलंसुद्धा — मास्तर, अजून जमत नाही का?

बिल्डिंगीच्या ग्रुपवर टाकलं. सभ्य भाषेत. दाढेनं नुसता अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे काय? वाचलं? बघतो? की जा, काय करायचं ते कर? या संशोधनात अर्धा तास गेला. बायको म्हणाली, जेवताना तरी ठेवा तो फोन. ठेवला. ताटाशेजारी, पालथा. थरथरला की पेल्यातलं पाणी हलत होतं, तेवढंच बघत जेवलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

बालवाडीच्या बाई आज बाराव्या दिवशी पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या. आणि गेल्यावर, आता काय करू, म्हणून माझ्याकडे बघत बसल्या. रस्त्याकडे बघा, म्हटलं. 'हो मास्तर,' म्हणाल्या — माझ्याकडेच बघत.

सत्तावन्न वय. चौतीस वर्षं चिमुरड्यांना 'ऐका' म्हणून सांगितलं, आता स्वतः इतकं ऐकतात की माझी छाती फुगते. एवढं माझं घरात कुणी ऐकत नाही. शिकताहेत ते हौसेनं नव्हे. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पूर्वी तेच गाडी चालवायचे, गेल्या वर्षी नजर गेली. सध्या भाचा नेतो, पण त्याची महिनाअखेरीस बदली. मग दोन बस बदलून जायचं, आणि येताना त्यांना उभंसुद्धा राहवत नाही. मागं एकदा भाच्याला जमलं नाही, तर यजमान बसथांब्यावर जमिनीवरच बसून राहिले, तासभर. 'मार्चमध्ये लायसन्स हवंच, मास्तर.' मिळेल, म्हटलं. माझा विद्यार्थी नापास होत नाही. (एक झाला होता. त्यानं आरशात न बघता गाडी परीक्षकावरच मागं घेतलेली. मोजत नाही.)

त्या पास होणार ते माझ्या पद्धतीमुळे. नवशिक्याला एकदम सगळीकडे बघायला लावलं की तो कुठंच बघत नाही. म्हणून सुरुवातीला त्यानं समोर आणि उजवीकडे बघायचं. डावी बाजू माझी. मी तिथंच बसलेला असतो, पायाशी माझा वेगळा ब्रेक असतो. वळायच्या आधी शिकणाऱ्यानं विचारायचं, 'मास्तर?' मी बघून म्हणायचं, 'मोकळं.' की वळवायची. आता आमच्या ड्रायव्हिंग शाळेतले बाकीचे दोघंही असंच शिकवतात. मालक बाहेरच्यांना सांगतात, ही आमच्या मास्तरांची पद्धत. मी नम्रपणे खाली बघतो. खाली फोन असतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दर गुरुवारी लायसन्सवाल्यांचा वर्ग. फळ्यावर गाडी काढली आणि समजावलं: ताशी साठच्या वेगात तीन सेकंद फोनकडे बघितलं, तर पन्नास मीटर तुम्ही आंधळे. एक मुलगी लिहून घेत होती. बरं वाटलं.

हे सांगताना खिशात तीनदा थरथरलं. दोनदाच बघितलं.

गाडीत मी फोन मांडीवर ठेवतो. मांडीवर म्हणजे हातात नव्हे. हा फरक माझा मीच शोधून काढलेला आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेच्या गाडीला अपघात. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना बाईंनी न विचारता वळवली. डावीकडून पोस्टमन सायकलवर. मनगट मोडलं, बाकी ठीक. मी वेळेवर ब्रेक मारला म्हणून थोडक्यात निभावलं. बाई फार घाबरल्या. रजिस्टरमध्ये नोंद केली, त्यांची सही घेतली.

दमलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

कालची नोंद वाचली. अक्षर चांगलं आलंय.

मालक म्हणाले, बावीस वर्षांत पहिला डाग, आणि तोसुद्धा तुमचा नाही. पाठीवर थाप मारली. चहा मागवला. मी प्यालो.

८ फेब्रुवारी, रविवार

ही वही मी कुणासाठी लिहितो? बायको वाचत नाही, तिला माझं अक्षर लागत नाही. मी मेल्यावर कुणी वाचेल असा मी कुणी नाही. म्हणजे वाचणारा एकटा मीच — आणि त्यालाही थापा मारतोय! इथंसुद्धा शेपूट घालायची तर हद्दच झाली. तर आता नीट लिहितो.

बाईंनी विचारलं होतं.

कोपरा आला, त्यांनी वेग कमी केला, इंडिकेटर दिला, सगळं शिकवल्यासारखं. आणि म्हणाल्या, 'मास्तर?' मी मांडीवर बघत होतो. दाढेनं ग्रुपवर लिहिलं होतं की पार्किंगमध्ये थोडं एकमेकांना सांभाळून घ्यावं. मला! याला उत्तर सुचलं होतं, आणि असं उत्तर मला वर्षातून एकदा सुचतं: 'डॉक्टर, लोकांचे दात सरळ करता, एकदा गाडीही सरळ लावून दाखवा.' शेवटचा शब्द लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, 'मोकळं.' आणि पाठवलं.

त्यांनी वळवली. मग आवाज. मग मी ब्रेक मारला. या क्रमानं.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहितो. फोन माझ्या पायाशी पडला होता, ब्रेकजवळ. पोस्टमन रस्त्यावर बसलेला, एका हातानं दुसरा हात धरून. पत्रं सगळीकडे. बाईंचे हात स्टिअरिंगला चिकटलेले, सुटत नव्हते. आणि फोन थरथरत होता, थांबत नव्हता — माझं उत्तर लोकांना आवडलं होतं. हसणारे चेहरे. अकरा.

मी आधी फोन उचलला. मग दार उघडलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मालकांना सांगायचं ठरवून गेलो. मालकांचं डोकं दुखत होतं. अशा वेळी बोलू नये.

बाई आल्या नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मालकांचं डोकं दुखत नव्हतं. माझं दुखायला लागलं.

बाईंनी ऑफिसात निरोप दिला: शिकणं बंद करते, गाडी माझ्यासारखीच्या हातची गोष्ट नव्हे. मालक म्हणाले, बरंच झालं, वय आहे त्यांचं. मी मूग गिळून बसलो. नंतर रजिस्टर काढून बघितलं. 'शिकाऊ चालकाने सूचना न घेता गाडी वळवली.' माझ्या अक्षरात. खाली त्यांची सही — सुबक, पोरांच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी. सही करण्याआधी त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं होतं. वाचून मला म्हणाल्या होत्या, 'मी विचारलं नव्हतं का हो?' मी म्हणालो होतो, 'गडबडीत राहून जातं.' त्यावर त्यांनी मान हलवली आणि सही केली.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोस्टमनला भेटून आलो. एका खोलीचं घर, स्वच्छ. माझ्यासाठी खुर्ची पुसली त्यानं, एका हातानं. प्लास्टर कोपरापर्यंत. सहा आठवडे सायकल बंद, तोवर ऑफिसात बसून पत्रं लावायची. त्याला दुखण्यापेक्षा दुसरीच काळजी. तीन पत्रं गटारात गेली, ती कुणाची होती ते आठवत नाही, रात्र रात्र आठवतोय. मी बिस्किटं नेली होती. त्यानं आग्रह केला, मी चार खाल्ली. अपघात करून वर पाहुणचार झोडणारा माझ्यासारखा विरळा!

निघताना म्हणाला, 'मी घंटी वाजवली होती, दोनदा. त्या काकूंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. नव्या माणसाचं होतं असं.'

सांगतो, म्हटलं. काय सांगणार!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग. फळ्यावर गाडी काढली. उजळणी करत पन्नास मीटरपर्यंत आलो आणि दातखीळ बसली. चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकवलं. लिहून घेणारी मुलगी म्हणाली, सर, हे आधीच झालंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बसथांब्यावर बाई आणि यजमान दिसले. भाच्याला आज जमलं नसावं. मी रिकामी गाडी घेऊन शाळेत परतत होतो. थांबवली. बाई नको नको म्हणत होत्या, पण यजमानांचा चेहरा कागदासारखा झालेला, म्हणून बसल्या. मी पुढचं दार उघडलं. 'पुढं नको,' म्हणाल्या, आणि दोघं मागं बसले.

रस्त्यात यजमान बोलायला लागले. दिसत नाही त्यांना, पण माझ्या डोक्याच्या बरोबर मागं बघून बोलत होते. 'मास्तर, हिच्यामुळं तुमच्या नावाला बट्टा लागला. रोज बोलते. परवा तुम्हाला चिठ्ठी लिहायला बसली होती, माफीची.' बाई म्हणाल्या, अहो, पुरे. मी आरशात बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घेऊन, मागं वळून, तिथंच. मी म्हणालो, 'अहो, चालायचंच.' त्यांना घराशी सोडलं आणि इतक्या जोरात निघालो की इंडिकेटरसुद्धा दिला नाही.

मी त्यांच्याकडून माफी घेऊन आलो! अजून लिहिताना कान तापताहेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बायकोला सांगितलं. कपडे घडी करत होती. मध्ये एकदाही थांबली नाही, त्यावरून कळलं की तिला माहीत आहे.

'रजिस्टरात वेळ काय लिहिलीत?' तिनं विचारलं. दहा वाजून बारा मिनिटं, म्हटलं. 'ग्रुपवर तुमचं ते दातांचं आलं, तेव्हाही दहा बाराच. त्याच दिवशी बघितलं मी.' मग आठ दिवस बोलली का नाहीस? तर म्हणाली, वाट बघत होते, तुम्ही बोलता का ते. आणि थोड्या वेळानं, हातातल्या टॉवेलकडे बघत — 'त्या अकरा चेहऱ्यांत एक माझा होता.'

तिनं माझे सदरे माझ्या बाजूला ठेवले. मी म्हटलं, सोमवारी मालकांना सांगतो. ती म्हणाली, मालक आज नसतात का? नसतात, म्हटलं. असतात. शनिवारी तर हमखास असतात.

१५ फेब्रुवारी, रविवार

मालकांच्या घरी गेलो. बायकोनं बुटांना पॉलिश करून दिलं, जणू मुलाखतीला चाललोय.

मालकांनी ऐकून घेतलं. पहिलं वाक्य, 'आणखी कुणाला माहीत आहे?' बायकोला, म्हटलं. 'मग कशाला उकरता? बाई तर सोडून गेल्या. पोस्टमनची तक्रार नाही. शाळेचं नाव जाईल, मास्तर. तुमचं आधी.' खरंच वाटलं मला. दोन मिनिटं पुरतं पटलं होतं, ते इथं लिहून ठेवतो. इतकं सोपं होतं! नुसतं 'बरं' म्हणायचं होतं.

मग म्हणालो, ऑफिस उघडा, रजिस्टर द्या.

जुन्या नोंदीखाली नवी लिहिली. 'वरील नोंद खोटी आहे. शिकाऊ चालकाने सूचना विचारली होती. प्रशिक्षकाने फोनकडे बघत असताना, डावी बाजू न पाहता "मोकळं" असे सांगितले. चूक पूर्णपणे प्रशिक्षकाची.' लिहिताना अक्षर वेडंवाकडं झालं. मालक वाचून म्हणाले, महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. फॉर्म भरायचे. गेल्या आठवड्यात चहा मागवला होता त्यांनी, आज नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाईंकडे. दारातच सांगितलं, आत गेलो असतो तर पाणी आलं असतं, मग चहा, मग मी पुन्हा चार बिस्किटं खाऊन परतलो असतो.

'बाई, तुम्ही विचारलं होतं. मी बघितलंच नव्हतं. फोनवर होतो.'

त्या म्हणाल्या, 'घंटी ऐकली होती मी.'

ऐकली होती? म्हटलं.

'स्पष्ट ऐकली. दोनदा. पण तुम्ही मोकळं म्हणालात. म्हटलं, मग दुसऱ्या कुणाची तरी असेल.' आणि त्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या! आवाज कुठून येतो ते आपल्याला कळेनासं झालं, असं वाटून. डॉक्टरांनी कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं, तर तेही त्यांना पटलं नव्हतं. आतून यजमानांचा आवाज आला, कोण आहे गं? 'मास्तर आहेत,' त्या म्हणाल्या, 'चूक सांगायला आलेत.'

मग त्यांचा आवाज बदलला. चौतीस वर्षं वर्गात वापरलेला असणार. 'पोस्टमनला सांगितलंत?' नाही, म्हटलं. 'मग आधी तिकडं जा. मग माझ्याकडे या.' दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

मी पन्नास वर्षांचा घोडा, पण जिना उतरताना खरंच वाटलं की कुणीतरी कोपऱ्यात उभं केलंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टमनला सांगितलं. त्याला राग आला. बरं झालं. मी म्हटलं होतं हा देवमाणूस, हसून सोडून देईल, आणि मी हलका होऊन परतेन. सोडलं नाही. म्हणाला, 'मी त्या काकूंना नावं ठेवत होतो, सगळ्या ऑफिसात. आता सगळ्यांना परत सांगायचं.' सांग, म्हटलं, माझं नाव घेऊन सांग. 'घेणारच आहे,' म्हणाला. खुर्ची पुसली नाही आज.

बिस्किटं नेली नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाई शाळेत आल्या. थेट मालकांच्या टेबलापाशी. मला शिकायचं आहे आणि याच मास्तरांकडे शिकायचं आहे, म्हणाल्या. मालकांनी माझी शिक्षा समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ज्यानं सांडलं त्यानंच पुसायचं, आमच्या वर्गात असंच असतं.

मालक हरले. अट एकच: गाडीत बसण्याआधी माझा फोन त्यांच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप. किल्ली त्यांच्याकडे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस मिनिटं फोनशिवाय. हात मांडीकडे गेला — सतरा वेळा. मोजलं, कारण मोजण्याखेरीज हाताला काम नव्हतं. दोनदा तर मांडी थरथरल्याचा भास झाला. रिकामी मांडी! बायकोला सांगितलं तर म्हणाली, दारू सोडलेल्यांचं असंच होतं म्हणे.

पण रस्ता दिसला. त्या कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाशेजारी एक लोहाराचं दुकान आहे. बावीस वर्षं जातोय तिथून.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पद्धत मोडीत काढली. बाकी दोघांनाही सांगितलं, डावी बाजू शिकणाऱ्याचीच, पहिल्या दिवसापासून. त्यातला एक म्हणाला, मग आपण काय करायचं? आपणही बघायचं, म्हटलं. त्याला हे फारच जास्त काम वाटलं.

बाईंना मात्र सवय जाईना. कोपरा आला की तोंडातून निघायचंच, 'मास्तर?' मी गप्प. 'मास्तर?' मी गप्प. गाडी उभी, मागं हॉर्न. शेवटी म्हटलं, बाई, माझं ऐकू नका. 'बरं मास्तर,' म्हणाल्या. तुमचे डोळे काय सांगतात ते ऐका, मी मोकळं म्हटलं तरी आधी स्वतः बघा, मी उद्या विहिरीत घाला म्हणालो तर घालाल का? त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, 'आता नाही घालणार.'

आता नाही!

२ मार्च, सोमवार

भाचा गेला. आज दोन बस. येताना दुसऱ्या बसमध्ये यजमानांना भोवळ आली. कंडक्टरनं बस थांबवली, लोकांनी पाणी दिलं. तरी संध्याकाळी बाई शिकायला आल्या, डोळे सुजलेले. मी म्हटलं, आज राहू द्या. 'राहू देऊन कसं चालेल?' म्हणाल्या आणि गाडी इतकी नीट मागं घेतली की मीच बघत राहिलो.

ते दहा दिवस मी गप्प बसलो नसतो तर परीक्षा फेब्रुवारीतच झाली असती. हे दहा दिवस त्या बसमध्ये त्यांच्याबरोबर उभे होते. यावर विनोद सुचत नाही.

५ मार्च, गुरुवार

वर्गात सगळं सांगितलं. फळा नाही, पन्नास मीटर नाही. दहा बारा, मांडी, दातांचं उत्तर, अकरा चेहरे, आधी फोन मग दार. लिहून घेणाऱ्या मुलीनं लिहिणं थांबवलं.

बाहेर येताना एकजण म्हणाला, सर, ते उत्तर भारी होतं पण. काय करावं या लोकांचं!

८ मार्च, रविवार

बिल्डिंगीच्या ग्रुपवरही लिहिलं, काय झालं ते. एकही हसणारा चेहरा आला नाही. मग दाढ जिना उतरून दारात. पहिल्यांदाच नीट बघितलं मी त्याला. बारीक, थकलेला माणूस, डोळ्यांखाली काळं. म्हणाला, माझी गाडी आज सरळ लावतो, रागावू नका. आणि लावली. चारही चाकं त्याच्या पट्ट्यात.

मी खाली गेलो, माझी लावली.

तिरकी लागली.

पुन्हा काढली, पुन्हा लावली. थोडी कमी तिरकी. आजोबा गॅलरीत होते. काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट.

१२ मार्च, गुरुवार

मी आता असह्य झालोय, असं बायको म्हणते. काल तिचा भाऊ गाडीत बसून फोनवर बोलत होता — उभ्या गाडीत, इंजिन बंद — तर मी काचेवर टकटक करून भाषण दिलं. बसमध्ये ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं तरी मी खाकरतो. बायको म्हणाली, 'आधीचे परवडले. निदान गप्प तरी असायचे.'

१७ मार्च, मंगळवार

बाई पास!

आठचा आकडा, चढ, मागं घेणं, सगळं. परीक्षक म्हणाला, रस्त्यावर डावी बाजू इतकी निगुतीनं बघणारं माणूस क्वचित दिसतं. मी तोंड फिरवून नाक शिंकरलं. बाई गाडीतून उतरून माझ्याकडे आल्या आणि वाकल्या. मी दोन पावलं मागं उडालो, मागं परीक्षक होता, त्याच्या पायावर. तुमच्यापेक्षा लहान आहे हो मी, म्हटलं. 'मास्तर ते मास्तर,' म्हणाल्या.

पोस्टमनही आला होता, बाईंनी बोलावलं म्हणून. प्लास्टर अजून आहे. माझ्याशी बोलला नाही. बाईंना पेन दिलं, सही करायला.

२० मार्च, शुक्रवार

बाईंच्या घरची गाडी कव्हरमधून काढली. बॅटरी बदलली, हवा भरली. तिला माझ्या बाजूला ब्रेक नाही. मी डावीकडे बसलो आणि हॉस्पिटलपर्यंत सबंध रस्ता पायानं जमीन दाबत गेलो, पोटऱ्या भरून आल्या. यजमान मागं. एकदाही कुठं चुकलं नाही. वीस मिनिटांत पोचलो. यजमान उतरताना गाडीच्या छपरावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, बसचा वास नाही आला आज.

सोमवारपासून दोघं एकटे. मी नको, असं मीच म्हणालो. एकदा तरी मी बरोबर नसताना त्यांनी जायला हवं. काही अडलं तर कधीही फोन करा, सांगितलंय.

रविवारी झोप लागेल असं वाटत नाही.

२३ मार्च, सोमवार

ऑफिसातच लिहितोय. नऊला निघणार होत्या. साडेनऊ झाले, जीव थाऱ्यावर नाही. मालकांकडून किल्ली मागून घेतली, ड्रॉवर उघडला, पोचलात ना, एवढंच विचारायला फोन लावला.

दुसऱ्याच रिंगला उचलला. मागं इंडिकेटरची टिकटिक.

'बोला मास्तर. उशिरा निघालो, आता वळतेय. तुमचा फोन, म्हणून उचलला.'

मी एक अक्षर न बोलता ठेवून दिला. आता त्या परत लावताहेत. हा तिसऱ्यांदा वाजतोय.